महाग फोनची खरी किंमत

(प्रतिनिधी)

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपल कंपनीने ‘आयफोन १७’ ही मालिका बाजारात आणली, तेव्हा तिच्यातील सर्वांत महाग फोनची भारतातील किंमत २ लाख २९ हजार ९०० रुपये होती. त्याच्या दोन महिने आधी सॅमसंगचा घडीचा ‘गॅलक्सी झेड फोल्ड ७’ आला होता. त्याची तर सुरुवातच १ लाख ७४ हजार ९९९ रुपयांपासून झाली. एवढ्या पैशात एक दुचाकी दारात उभी राहून वर बरीच शिल्लक उरते. साहजिकच दोन प्रश्न पुन्हा विचारले जाऊ लागले. उंची मोबाइल फोन खरोखरच इतके महाग झाले आहेत का? आणि झाले असतील, तर त्या पैशांचा मोबदला ग्राहकाच्या पदरात पडतो का? हिशेब मांडायला बसल्यावर दोन्ही प्रश्नांची उत्तरे वाटतात तितकी सरळ निघत नाहीत.

३१ हजारांचा पहिला आयफोन

भारतात आयफोन अधिकृतरीत्या आला तो २२ ऑगस्ट २००८ रोजी. एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्यांनी ‘आयफोन ३जी’ विक्रीस ठेवला. ८ जीबीच्या फोनची किंमत होती ३१ हजार रुपये आणि १६ जीबीच्या फोनची ३६ हजार १००. अमेरिकेत हाच फोन १९९ डॉलरना मिळतो, अशी जाहिरात सर्वांनी वाचलेली होती. त्यामुळे आपल्याकडची किंमत ऐकून अनेकांनी कपाळाला हात लावला. अमेरिकेतील किंमत दोन वर्षांच्या मोबाइल सेवेच्या करारासह होती आणि फोनची उरलेली रक्कम मासिक बिलातून वसूल होत असे, हा तपशील जाहिरातीत बारीक अक्षरात होता.

या ३१ हजारांत काय मिळत होते, हे आज आठवून पाहण्यासारखे आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा होता, पण त्यातून चलचित्रण होत नसे. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे डकवण्याची सोयही त्या वेळी नव्हती. नावातच ‘३जी’ असलेला हा फोन आला, तेव्हा देशात ३जी सेवाच सुरू झालेली नव्हती. एमटीएनएलने ती दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये सुरू केली आणि खासगी कंपन्यांची सेवा तर २०१० च्या लिलावानंतर आली. पैसे मोजून पुढच्या काळाची वाट पाहायची, ही उंची फोनच्या ग्राहकाची सवय तेव्हापासूनची म्हणावी लागेल.

आता हे ३१ हजार आजच्या पैशांत किती होतात ते पाहू. घर किंवा जमीन विकताना भांडवली नफा काढण्यासाठी प्राप्तिकर खात्याचा ‘कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स’ वापरला जातो. अनेक वाचकांना तो परिचित असेल. २००८-०९ या वर्षासाठी हा निर्देशांक १३७ होता, २०२५-२६ साठी तो ३७६ आहे. या मापाने २००८ मधील ३१ हजार रुपये म्हणजे आजचे सुमारे ८५ हजार. शहरी महागाईच्या वाढीचा पाऊण हिस्साच हा निर्देशांक धरतो, म्हणजे माप आखडतेच आहे. ‘आयफोन १७’ची सुरुवातीची किंमत ८२ हजार ९०० रुपये होती. सतरा वर्षांपूर्वीच्या फोनपेक्षा साठवण क्षमता बत्तीसपट, आणि खरी किंमत मात्र जवळपास तीच, किंबहुना किंचित कमी!

मग महागाई झाली कुठे?

ती झाली दोन ठिकाणी. पहिली छपरावर. २०१६ मध्ये ‘आयफोन ७’ ६० हजारांना आणि त्याचा मोठा भाऊ ‘७ प्लस’ ७२ हजारांना मिळत होता. पुढच्याच वर्षी, ३ नोव्हेंबर २०१७ रोजी, ‘आयफोन १०’ आला. ६४ जीबीसाठी ८९ हजार आणि २५६ जीबीसाठी १ लाख २ हजार. गंमत अशी, की त्याच सुमारास ‘आयफोन ८’ हा नेहमीच्या घडणीचा फोन ६४ हजारांना उपलब्ध होता. म्हणजे जुना मजला जागच्या जागी राहिला आणि त्यावर एक नवा मजला चढला. सॅमसंगनेही हाच मार्ग धरला. २०१३ मधील ‘गॅलक्सी एस ४’ ४१ हजार ५०० रुपयांना होता. त्याच्या वंशातील ‘एस २५’ जानेवारी २०२५ मध्ये ८० हजार ९९९ रुपयांना आला. महागाई वजा करता ही वाढ बेताची आहे. पण २०२० मध्ये ‘एस २० अल्ट्रा’च्या रूपाने ९२ हजार ९९९ रुपयांचा जो नवा मजला बांधला गेला, तो २०२४ च्या ‘एस २४ अल्ट्रा’पर्यंत १ लाख २९ हजार ९९९ वर पोहोचला.

वरच्या मजल्यावरही २०१७ नंतर खरी वाढ फारशी झालेली नाही, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. २५६ जीबीच्या ‘आयफोन १०’चे १ लाख २ हजार रुपये वरच्याच निर्देशांकाने आज सुमारे १ लाख ४१ हजार होतात. ‘आयफोन १७ प्रो’ तेवढ्याच साठवण क्षमतेसह १ लाख ३४ हजार ९००ला आला. उडी एकदाच मारली गेली, आणि मग आपली नजर त्या उंचीला सरावली.

दुसरी महागाई अधिक बोचणारी आहे, कारण ती मधल्या मजल्यावरच्या ग्राहकाच्या खिशाला लागली. डिसेंबर २०१४ मध्ये ‘वनप्लस वन’ हा फोन भारतात २१ हजार ९९९ रुपयांना आला. बड्या कंपन्यांच्या महाग फोनची बरोबरी निम्म्या पैशांत, हा त्याचा दावा होता आणि तो बराचसा खराही होता. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपासून नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणांपर्यंत अनेकांचा हा पहिला ‘भारी’ फोन ठरला. त्याच कंपनीचा ‘वनप्लस १५’ नोव्हेंबर २०२५ मध्ये ७२ हजार ९९९ रुपयांना आला. २०१४ चे २१ हजार ९९९ आज साडेचौतीस हजारांच्या आसपास भरतात. म्हणजे महागाई वजा करूनही किंमत दुपटीहून अधिक झाली. ‘फोन फार महागले’ अशी तक्रार सार्वत्रिक आहे, तिचे मूळ बहुधा या फोनांत सापडेल. आयफोन पहिल्यापासून महाग होता. स्वस्तात मस्त म्हणून मिरवणारे फोन मात्र हळूहळू त्याच पंक्तीत जाऊन बसले.

कराचा वाटा आणि कंपनीचा वाटा

किमतीचा विषय निघाला की दोष सरकारवर ढकलण्याची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा मोबाइल फोनवर तो १२ टक्के होता. १ एप्रिल २०२० पासून तो १८ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये कराचे टप्पे कमी करण्यात आले आणि दूरचित्रवाणी संच, वातानुकूलन यंत्रे २८ वरून १८ टक्क्यांवर आली. मोबाइल फोन होता तिथेच राहिला. आयात शुल्क जुलै २०१७ मध्ये १० टक्के लावले गेले, त्याच डिसेंबरात १५ आणि फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवर नेले गेले. जुलै २०२४ मध्ये ते पुन्हा १५ टक्क्यांवर आणले, तेव्हा ॲपलने ‘१५ प्रो’ ची किंमत ५ हजार १०० रुपयांनी उतरवली. भारतात जुळणी होणारा साधा ‘आयफोन १५’ मात्र अवघ्या ३०० रुपयांनी स्वस्त झाला. आयात शुल्काचा भार कोणत्या फोनवर होता आणि कोणत्यावर नव्हता, ते या दोन आकड्यांतून दिसते.

रुपयाची घसरण हे दुसरे कारण. २००८ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ४३ रुपयांच्या घरात होता, सप्टेंबर २०२५ मध्ये ८८ च्या आसपास आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने ९० ओलांडले.

कर आणि विनिमय दर बाजूला काढून पाहिले की खरे चित्र दिसते. ‘आयफोन १७’ च्या ८२ हजार ९०० रुपयांतून १८ टक्के कराचे १२ हजार ६४६ रुपये वजा केले, तर ७० हजार २५४ उरतात. ८८ च्या दराने ते ७९८ डॉलर झाले. अमेरिकेतील करविरहित किंमत आहे ७९९ डॉलर. म्हणजे साध्या आयफोनसाठी भारतीय ग्राहक करापलीकडे एक पैसाही जादा देत नाही.

हेच गणित ‘१७ प्रो’ला लावून पाहू. १ लाख ३४ हजार ९०० मधून कर वजा जाता १ लाख १४ हजार ३२२, म्हणजे सुमारे १,३०० डॉलर. अमेरिकेतील किंमत १,०९९ डॉलर. इथे मात्र दोनशे डॉलरची तफावत आहे आणि कर धरला तर ग्राहकाच्या खिशातून सुमारे २० हजार रुपये जादा जातात. प्रो मालिकेची जुळणी २०२४ पासून भारतातही होऊ लागली आहे, तेव्हा आयात शुल्काची सबब आता पूर्वीइतकी चालणारी नाही. जो ग्राहक सव्वा लाख द्यायला तयार आहे तो दहा-वीस हजारांसाठी मागे फिरत नाही, हे कंपनीने ओळखले आहे, एवढाच याचा अर्थ प्रस्तुत प्रतिनिधीला लागतो.

५२ हजारांत काय वाढते?

साधा ‘१७’ आणि ‘१७ प्रो’ यांत ५२ हजार रुपयांचे अंतर आहे. या पैशांत दूरचे दृश्य जवळ आणणारा तिसरा कॅमेरा, अधिक ताकदीची चिप, ती तापू नये यासाठीची व्यवस्था, मोठी बॅटरी आणि तारेने माहिती झपाट्याने हलवण्याची सोय मिळते. विवाहसोहळ्यांचे चित्रण करणारा, लघुपट करणारा किंवा रोज तासन्‌तास चलचित्रांचे संपादन करणारा माणूस हे सारे वापरतो, आणि त्याचा खर्च कामातून वसूलही होतो. मुलांच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून छायाचित्र काढणाऱ्या पालकालाही तिसऱ्या कॅमेऱ्याचा उपयोग आहे. पण वर्षातून किती वेळा?

पूर्वी प्रो घेण्यामागे आणखी एक कारण असे, ते म्हणजे पडद्याची सफाईदार हालचाल. सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा पडदा ॲपलने अनेक वर्षे फक्त प्रो फोनसाठी राखून ठेवला होता. २०२५ मध्ये तो साध्या ‘१७’ मध्ये आला आणि किमान साठवण क्षमताही दुप्पट झाली. अंतर घटले, किमतीतले मात्र नाही. टायटॅनियमची गोष्ट तर आणखी मजेची. २०२३ मध्ये ‘१५ प्रो’ची चौकट टायटॅनियमची म्हणून तिची केवढी वाखाणणी झाली. दोनच वर्षांत ‘१७ प्रो’ ॲल्युमिनियमवर परतला, आणि आता ॲल्युमिनियम उष्णता कशी चांगली वाहून नेते याचे कौतुक सुरू झाले.

खोक्यातून वस्तू कमी होत जातात, हाही किमतीचाच भाग. २०२० मध्ये ‘आयफोन १२’ पासून चार्जर खोक्यातून गेला, पुढच्या वर्षी सॅमसंगनेही ‘एस २१’ बरोबर चार्जर देणे थांबवले. ॲपलचा २० वॅटचा चार्जर वेगळा घ्यायचा तर त्याची छापील किंमत १,९०० रुपये.

मोजायची ती वर्षे

फोनचे मोल ठरवताना किंमत पाहण्यापेक्षा ती किती वर्षांत विभागली जाते ते पाहणे शहाणपणाचे आहे. धरून चालू की २० हजारांचा फोन अडीच वर्षे चालतो. म्हणजे वर्षाला आठ हजार. ८२ हजार ९०० चा फोन सहा वर्षे वापरला, मध्ये एकदा बॅटरी बदलली आणि शेवटी पंधरा हजारांना विकला, तर वर्षाला साधारण साडेबारा हजार पडतात. आणि १ लाख ३४ हजार ९०० चा फोन दोन वर्षांनी अर्ध्या किमतीत देऊन टाकला तर? वर्षाला सुमारे ३४ हजार. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण एक गोष्ट त्यातून निश्चित दिसते. महाग फोन कधीही स्वस्त फोनपेक्षा स्वस्त पडत नाही. तो बराच काळ वापरला तर चौपट किमतीचा फोन दीडपट खर्चाचा होतो, आणि लवकर बदलला तर ती चैनच राहते.

वापराची वर्षे ठरतात ती प्रामुख्याने दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे कंपनीकडून मिळणारी सॉफ्टवेअर व सुरक्षेची अद्ययावतता. ती थांबली की फोन चालू राहतो, पण बँकेची, पैसे पाठवण्याची ॲप्स एकेक करून पाठ फिरवतात. ५ मे २०२५ पासून व्हॉट्सॲपने आयओएस १५.१ पेक्षा जुन्या प्रणालीवर काम करणे बंद केले. त्यामुळे २०१४ मध्ये ५३ हजार ५०० रुपयांना आलेला ‘आयफोन ६’ त्या दिवशी बऱ्याच घरांत निकामी झाला. तरीही साडेदहा वर्षे झाली होती, हे विसरून चालणार नाही. २०१८ चे ‘एक्सआर’ आणि ‘एक्सएस’ हे फोन सात वर्षांनी, २०२५ च्या नव्या प्रणालीतून वगळले गेले. अँड्रॉइडच्या बाजूला ही मुदत फार तोकडी असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने ‘पिक्सेल ८’ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने ‘एस २४’ ला सात वर्षांचे आश्वासन दिले, तेव्हा चित्र बदलले.

मात्र इथेच महाग फोनचा जुना युक्तिवाद ढासळू लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगने १८ हजार ९९९ रुपयांच्या ‘गॅलक्सी ए १६’ लाही सहा वर्षांचे आश्वासन दिले. चिप सहा वर्षांनी कितपत धावेल हा प्रश्न उरतोच, पण दीर्घायुष्य ही आता केवळ श्रीमंत फोनची मक्तेदारी राहिलेली नाही.

दुसरी गोष्ट बॅटरी. जुन्या बॅटरीचे आयफोन आपण मुद्दाम संथ करतो, अशी कबुली ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये दिली. अनेकांनी तोवर संथ फोन जुना झाला असे समजून नवा घेतलेला होता. खरे तर त्यांना फक्त बॅटरी बदलण्याची गरज होती. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला आहे, की ८०० वेळा चार्ज केल्यानंतरही बॅटरीची क्षमता किमान ८० टक्के राहिली पाहिजे आणि सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कंपन्यांची सेवाकेंद्रे व दुरुस्तीविषयीची माहिती मिळते, पण सक्ती म्हणावी अशी तरतूद नाही.

‘विनाखर्च’ हप्त्याचा खर्च

लाखाचे फोन पगारदार माणसाच्या हातात दिसू लागले ते मासिक हप्त्यांमुळे. १ लाख ३४ हजार ९०० भागिले २४, म्हणजे महिन्याला ५ हजार ६२१ रुपये. हा आकडा फलकावर मोठ्या अक्षरात असतो आणि मूळ किंमत शोधावी लागते. नोकरीच्या पहिल्या वर्षी असा हप्ता मागे लावून घेणारे तरुण कमी नाहीत.

शून्य टक्के व्याज ही मुळात अस्तित्वात नसलेली गोष्ट आहे, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच स्पष्ट करून बँकांना अशा योजनांपासून रोखले होते. त्यानंतर आली ती ‘नो कॉस्ट’ हप्त्याची पद्धत. यात बँक व्याज घेतेच, फक्त तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी आधी सवलत म्हणून वजा करते. व्याजावरचा १८ टक्के कर मात्र ग्राहकाच्या खात्यावर पडतो. १६ टक्के दराने वरील फोनवर दोन वर्षांचे व्याज साधारण २० हजार १०० होते आणि त्यावरचा कर सुमारे ३ हजार ६०० रुपये. प्रक्रिया शुल्क वेगळे. शिवाय रोखीने किंवा एकरकमी घेतल्यास मिळणारी सूट हातची जाते, ती निराळीच.

घाई न करणाऱ्याचा फायदा

पहिल्या दिवशीची किंमत फार मनावर घेऊ नये, असे २०२५ च्या सणासुदीच्या विक्रीने दाखवून दिले. ७९ हजार ९०० ला आलेला ‘आयफोन १६’ वर्षभराने कंपनीनेच ६९ हजार ९०० केला, आणि फ्लिपकार्टच्या विक्रीत तो ५१ हजार ९९९ ला जाहीर झाला. १ लाख १९ हजार ९०० चा ‘१६ प्रो’ बँकांच्या सवलती धरून सत्तर हजारांच्या घरात आला. सॉफ्टवेअरचे एक वर्ष कमी होते, पण किमतीतून चाळीस टक्के जातात. बदली वर्षांचा हिशेब करणाऱ्यासाठी गेल्या वर्षीचा उत्तम फोन हाच बहुतेक वेळा सर्वांत किफायतशीर ठरतो.

अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला फोन सांगण्याचा मार्गही अनेक मराठी घरांत रुळलेला आहे. ‘१७ प्रो’ पुरते पाहिले तर १,०९९ डॉलर म्हणजे सुमारे ९६ हजार ७०० रुपये, वर तिथल्या राज्याचा विक्रीकर. वाचतात ते पैसे लहान नाहीत. पण २०२२ च्या ‘आयफोन १४’ पासून अमेरिकेतील फोनला सिमकार्ड घालण्याची खाचच नसते, फक्त ई-सिम चालते. घरात दोन सिम अदलाबदल करून वापरण्याची सवय असेल, तर हे आधी विचारात घ्यावे. अँड्रॉइड फोन परदेशातून आणला तर त्याची हमी इथे चालेल की नाही, हे कंपनीगणिक बदलते. विमानतळावर नियमांनुसार शुल्क लागू शकते, तेही हिशेबात धरायला हवे.

थांबण्याला एक अपवाद २०२५ च्या उत्तरार्धात निर्माण झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती केंद्रांसाठी मेमरी चिपची मागणी एवढी वाढली, की कारखान्यांनी उत्पादन तिकडे वळवले आणि फोन, संगणकांत लागणाऱ्या मेमरीचे भाव चढले. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला व्यवसायच गुंडाळण्याचे जाहीर केले. याचा फटका लाखाच्या फोनपेक्षा पंधरा-वीस हजारांच्या फोनला अधिक बसतो, कारण त्याच्या एकूण खर्चात मेमरीचा वाटा मोठा असतो. साधा फोन घेण्याचा विचार असेल, तर किंमत तीच ठेवून रॅम किंवा साठवण क्षमता गुपचूप कमी केलेली नाही ना, हे खोक्यावरील तपशील वाचून पाहावे.